दोष कुणाचा?

कोल्हापूरजवळच्या एका गावातली ही गोष्ट. गडी तालमीतला. अंगाने धिप्पाड. लग्नाला सहा वर्षे झाली, पण घरात पाळणा हलला नाही. बायकोने अंबाबाईची ओटी भरली. जोतिबाला नवस बोलला. दवाखान्यात चार वेळा तपासून घेतले. तिच्यात काही दोष निघाला नाही. तरी सासू म्हणायची, "सून वांझ हाय. पोराला दुसरी बघूया."

एके दिवशी सून नवऱ्याला म्हणाली, "माझं चार येळा तपासून झालं. आता एकदा तुमचंबी बघूया की."

गडी चिडला. "मला काय झालंय? रोज पाचशे बैठका मारतोय मी!"

त्याचे काय चुकले? ते कळायला पुरुषाचे शरीर कळले पाहिजे. आपण हात, पाय, पोट यांची माहिती घेतो. तशीच ही घेऊ. यात लाजण्यासारखे काही नाही.

बीज कोठे तयार होते?

पुरुषाच्या शिश्नाखाली कातडीची एक पिशवी असते. तिला अंडकोश म्हणतात. तिच्यात दोन गोळ्या असतात. त्यांना वृषण म्हणतात. एक गोळी दुसरीपेक्षा जरा खाली असते. त्यात बिघाड काही नाही.

या गोळ्या पोटात न राहता बाहेर का असतात? बीजाला पोटातली ऊब सोसत नाही. त्याला दोन-तीन अंश थंड जागा लागते. थंडीत ही पिशवी आक्रसते, उन्हाळ्यात सैल पडते. गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी तासन्‌तास बसणाऱ्या गड्याने म्हणूनच मधून मधून गार वाऱ्याला यावे.

वृषणांची कामे दोन. एक, बीज तयार करणे. या बीजाला शुक्रजंतू म्हणतात. दुसरे काम, पुरुषपणाचा रस रक्तात सोडणे. या रसामुळे पोराला मिसरूड फुटते, आवाज जाड होतो, अंग भरते. ही दोन कामे वेगळी आहेत. हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

शुक्रजंतू साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला डोके असते आणि लांब शेपूट असते. बेडकाच्या पिलासारखा तो वळवळत पोहतो. तो तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात.

बीजाची वाट

प्रत्येक वृषणापासून एक बारीक नळी वर पोटात जाते. ती शुक्रवाहिनी. मूत्राशयाच्या मागे दोन लहान पिशव्या असतात. त्या आपला रस बीजात मिसळतात. मूत्राशयाच्या खाली मोठ्या सुपारीएवढी एक गाठ असते. तिला डॉक्टर प्रोस्टेट म्हणतात. तिचाही रस मिसळतो. हे सारे मिळून वीर्य होते. ते लघवीच्याच वाटेने बाहेर येते. पण त्या वेळी मूत्राशयाचे तोंड मिटते. म्हणून दोन्ही एकत्र येत नाहीत.

तालमीत जुनी माणसे सांगत, "चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो." हे खरे नाही. वीर्यात रसच फार, बीज थोडे. झोपेत वीर्य गेले तरी ताकद जात नाही. ताकद येते खाण्याने, मेहनतीने आणि झोपेने.

पुरुषाच्या नसबंदीत फक्त ही नळी बंद करतात. पुरुषपणाचा रस सरळ रक्तात जातो, नळीतून नाही. म्हणून नसबंदीने माणूस दुबळा होत नाही.

मुलगा की मुलगी?

जुने लोक म्हणतात, बाई म्हणजे रान आणि पुरुष म्हणजे बी. हे पुरते खरे नाही. बाईच्या पोटातही बीज असते. दोघांची बीजे एक झाली की गर्भ राहतो. मूल निम्मे आईचे, निम्मे बापाचे.

पण मुलगा की मुलगी, हे बापाच्या बीजाने ठरते. आईच्या बीजात एकच खूण असते. तिला एक्स म्हणतात. बापाच्या निम्म्या शुक्रजंतूंत एक्स असते, निम्म्यांत वाय. एक्सवाला जंतू पोचला तर मुलगी. वायवाला पोचला तर मुलगा. कोणता पोचेल, ते बापाच्याही हातात नाही. मका पेरला आणि मका उगवला, तर आपण रानाला शिव्या देतो का? मग मुलगी झाली म्हणून सुनेला का?

हे न कळल्याने आपल्या जिल्ह्याने फार गमावले आहे. २००१ च्या शिरगणतीत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली फक्त ८३९ होत्या. बाकीच्या कोठे गेल्या? कित्येकींना जन्मच मिळाला नाही. गर्भ मुलाचा की मुलीचा, हे तपासायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. सांगणारा आणि विचारणारा दोघेही गुन्हेगार ठरतात.

त्या घरात पुढे काय झाले?

शेवटी गडी दवाखान्यात गेला. वीर्य तपासले. त्यात शुक्रजंतू फार थोडे निघाले. डॉक्टर म्हणाले, "पैलवान, तुमची ताकद खरी आहे. वृषणांचे एक काम चांगले चालले आहे, दुसरे मंद आहे. दुसरे लग्न करून काय उपयोग झाला असता?"

गडी गप्प झाला. मग म्हणाला, "आईला मीच सांगतो."

त्याच्यावर आता उपचार चालू आहेत. मूल होईलच, असे आम्ही सांगू शकत नाही. पण त्या घरात आता कोणी सुनेला वांझ म्हणत नाही.

लक्षात ठेवा

वर्षभर एकत्र राहून मूल झाले नाही, तर दोघांनी तपासून घ्यावे. पुरुषाची तपासणी सोपी असते. तंबाखू, बिडी व दारू सोडावी. लहान मुलाच्या पिशवीत गोळी उतरली नसेल, तर पहिल्या वर्षातच डॉक्टरांना दाखवावे. गोळीत एकाएकी जोराची कळ आली, तर सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. गोळीला पीळ पडला असेल तर काही तासांत ती निकामी होते.

प्रश्न

१. वृषणांची दोन कामे कोणती?
२. अंगाने धडधाकट माणसालाही मूल न होण्याचे कारण काय असू शकते?
३. मुलगा की मुलगी, हे कशाने ठरते? हे आज घरी सर्वांना सांगा.