शोधशब्दांची निवड

शिक्षकाने परिश्रमपूर्वक लिहिलेला पाठ शाळेच्या संकेतस्थळावर असावा, आणि तरीही ज्या मुलाला त्याची गरज आहे त्याच्या हाती तो लागू नये, असे पुष्कळदा घडते. दोष पाठाचा नसतो. तो ज्या नावाने ठेवला त्या नावाचा असतो.

शोधयंत्राचे काम ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीसारखे आहे. ते पाने आधीच वाचून कोणता शब्द कोठे आला याची नोंद करते व विचारणाराने शब्द टंकताच ती नोंद उघडते. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलने तीत आणखी एक विचार घातला : ज्या पानाचा निर्देश इतर पाने करतात, त्यास अधिक मान द्यावा. तथापि प्रारंभ शब्दापासूनच होतो.

अपूर्णांकांच्या पाठास ‘गणितगंगा : पुष्प तिसरे’ असे शीर्षक दिले, तर ते शोभिवंत खरे, परंतु गंगा व पुष्प यांची चौकशी करणारास बेरीज नको असते. ‘अपूर्णांकांची बेरीज, इयत्ता पाचवी’ हे शीर्षक रुक्ष असले तरी उपयोगी पडते. केवळ ‘गणित’ हा शब्द अतिव्यापक होय. त्याखाली अगणित पानांची गर्दी असते. पालक ‘पाव’, ‘अर्धा’, ‘पाऊण’ असे बोलत असतील, तर पाठाच्या ओघात तेही शब्द यावेत. शोधपेटीत दोनतीन शब्द टंकताच खाली जी पूर्तता सुचविली जाते, तिच्यावरून लोक काय विचारतात याचा अंदाज विनामूल्य मिळतो.

एकच शब्द वीस वेळा घुसडणे व्यर्थ आहे. शोधयंत्रे त्यास लबाडी समजतात. पानाच्या अदृश्य भागात शोधशब्दांची यादी देण्याची जुनी रीत होती. आपण क्रम लावताना ती विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले.

मराठीची अडचण निराळी आहे. ‘शाळा’ हा शब्द ‘शाळेत’, ‘शाळांना’ असा रूपे पालटतो, म्हणून मूळ रूपही एकदा लेखात असावे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यास अक्षर एकच दिसते, पण संगणकात त्याची नोंद भिन्न होते. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर तर यंत्रास निरर्थक रोमन अक्षरांसारखा भासतो. तो युनिकोडमध्ये पालटून घ्यावा. फळ्याचे छायाचित्र ठेवावयाचे असल्यास त्यातील मजकूर खाली टंकून द्यावा.

शीर्षक ठरविण्यापूर्वी वर्गातील चारपाच मुलांस, हा पाठ हवा असल्यास काय लिहून शोधाल, असे विचारावे व त्यांची उत्तरे जशीच्या तशी, अशुद्ध असली तरी, टिपून घ्यावीत.