स्केटिंगचे जुने बूट हंगामभर कसे टिकवावेत?

फिगर स्केटिंगमध्ये उडी घेऊन बर्फावर एका पायाने उतरताना त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपटीहूनही अधिक भार येऊ शकतो. अशा वेळी बुटाचे ताठ चामडे घोट्याला आधार देते. चामडे म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची गुंफण होय. घामाने हे तंतू मऊ पडतात आणि वारंवार वाकल्याने घोट्यापाशी घडी पडते. नवे बूट पायाला सरावण्यास काही आठवडे लागतात. म्हणून ऐन स्पर्धांच्या हंगामात जुनेच जपावे लागतात.

सरावानंतर पाते व तळ फडक्याने कोरडे करावेत, आतील सुटी गादी काढावी आणि बूट मोकळ्या हवेत वाळू द्यावेत. ते शेगडीजवळ ठेवू नयेत. अति उष्णतेने ओले चामडे आकसते व तडकते. चामडी तळाला मेण चोळल्यास पाणी कमी मुरते. तळ कुजल्यास पात्याचे स्क्रू सैल होतात; म्हणून ते रोज तपासावेत.

या उपायांनी झीज मंदावते. गेलेला ताठपणा मात्र परत येत नाही. नाडी नीट बांधूनही घोटा एका बाजूस कलू लागला, तर त्या बुटांवर उड्या घेणे त्याच दिवशी थांबवावे. तसे न केल्यास घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो.