पांजरपोळाचा खर्च आणि धर्मादाय पैसा : एक पाठ

'मुक्या जनावरांवर दया करावी' हे वाक्य चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते. परंतु पाय मोडलेले वासरू, थकलेला बैल किंवा मालकाने सोडून दिलेले गाढव एखाद्या संस्थेने आश्रयास घेतले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे वैरण कोण टाकतो, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. तो काढावा, एवढ्यासाठी हे टिपण.

आरंभ मुंबईच्या पांजरपोळापासून करणे सोयीचे आहे. सन 1832 मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईत, विशेषतः पारशी समाजात, मोठा क्षोभ होऊन दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ स्थापन झाला. या दोघांनी स्वतःची देणगी तर दिलीच. पण शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट निराळी आहे. एकरकमी देणगी संपते, आणि जनावर मात्र रोज खाते, हे व्यापारी बुद्धीने ओळखून कापूस आदी मालाच्या व्यवहारावर अल्पशी रक्कम पांजरपोळासाठी ठेवण्याचे व्यापाऱ्यांनी आपसांत ठरविले. यास 'लागा' म्हणत. व्यापार चालू तोवर वैरण चालू, अशी ही योजना होती.

हीच रीत वऱ्हाडातील कापसाच्या पेठांतही पोहोचली, आणि येथे तिची दुसरी बाजू दिसली. कापूस विकून शेतकरी पट्टी हातात घेई, तेव्हा तोलाई, हमाली यांच्या जोडीला 'धर्मादाय' किंवा 'गोरक्षण' म्हणून काही रक्कम वजा झालेली असे. पैसा शेतकऱ्याचा, दातृत्वाचे नाव दुसऱ्याचे, आणि तो पैसा गोरक्षणापर्यंत पोहोचला की नाही हे विचारण्याची सोय नाही! शेती-विषयक रॉयल कमिशनने 1928 च्या अहवालात बाजारपेठांतील अशा मनमानी कपातींवर टीका केली, व पुढे महाराष्ट्रात 1963 च्या बाजार समिती कायद्याने अनधिकृत कपातीस मनाई झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते लागा ही कल्पना उत्तम होती. ती बिघडली ती संमती आणि हिशेब या दोन गोष्टी सुटल्यामुळे. आजच्या नोंदणीकृत संस्थांना 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेब तपासून घ्यावे लागतात. देणगीदाराने पावती मागणे यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

आता गणित. तीनशे किलो वजनाच्या जनावरास शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के, म्हणजे साडेसात किलो कोरडी वैरण रोज लागते असे धरावे. वीस जनावरांच्या लहानशा आश्रयस्थानास रोज 150 किलो, व वर्षास 54,750 किलो. मुलांनी घरची कडब्याची एक पेंढी तोलून पाहावी आणि वर्षाच्या पेंढ्या किती हे काढावे. भाव गावातच विचारावा. दिवाळीनंतर ज्वारी निघाल्यावरचा एक आणि चैत्र-वैशाखातला दुसरा. दोन्ही भावांनी वर्षाचा खर्च मांडला म्हणजे एक गोष्ट विद्यार्थी स्वतःच सांगतील : तीच देणगी सुगीच्या वेळी हातात आली तर तिच्यात अधिक जनावरे जगतात. उन्हाळ्यात पाझर फुटलेल्या दयेला महाग कडबा घ्यावा लागतो. औषधपाणी व राखणदाराचे वेतन हे वरचे खर्च. आणि अशा जनावरांपासून दूध वा काम मिळत नाही, ही नोंद फळ्यावर अवश्य असावी.

शासन काही करीत नाही काय, असे मुले विचारतील. राज्य शासनाने सप्टेंबर 2024 मध्ये गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन प्रतिगाय 50 रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. वरील गणितात ही रक्कम घालून किती खर्च निघतो व किती उरतो, हे वरच्या वर्गाने पाहावे. मात्र हे अनुदान देशी गाईंपुरते आहे. जखमी कुत्रे किंवा म्हातारे गाढव त्यात येत नाही. त्यांचा भार देणगीवरच राहतो.

पाठानंतर मुले उत्साहाने जखमी जनावर उचलून आणतील, त्याविषयी आधीच बजावावे. कुत्र्यास हात लावू नये. चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. जनावरासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा 1962 या क्रमांकावर कळवावे.

या पाठाच्या निमित्ताने शाळेत वर्गणी मात्र गोळा करू नये. गुरुजींनी मागितलेला पैसा मूल नाकारू शकत नाही, व मग ती पट्टीतली कपातच होते. ज्या पालकास काही द्यावयाचे असेल त्याने संस्थेत जाऊन जनावरे पाहावी, कडबा वा रक्कम द्यावी आणि पावती घ्यावी. ती पावती मुलाने वर्गात आणून दाखविल्यास पुढच्या गणितास उपयोगी पडेल.