बर्फ साचला, पण थंडावा गेला!

गेल्या मे महिन्यात आमच्या घरच्या फ्रिजने मला चांगलेच कोड्यात टाकले. खालच्या कप्प्यातले दूध नासू लागले आणि वर फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर मात्र बोटभर हिम! दुरुस्तीला आलेल्या कारागिराने दार उघडून पाहिले आणि "गॅस भरावा लागेल" असे सांगून तो मोकळा झाला.

विद्यार्थी मित्रहो, बर्फ भरपूर आणि थंडावा मात्र नाही, हे कसे? आमचा फ्रिज आपले हिम आपणच वितळवणाऱ्या प्रकारचा आहे. त्याच्या थंड नळ्या फ्रीझरच्या भिंतीमागे दडलेल्या असतात. एक छोटा पंखा त्यांच्यावरून हवा खेळवतो व तीच गार हवा खाली जाते. आपण दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातील बाष्प नळ्यांवर हिमरूपाने जमते. बर्फाची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे शंभरावा हिस्सा. हिमात हवा कोंडलेली असते, म्हणून त्याची त्याहूनही कमी. म्हणजे नळ्यांनी गोधडीच पांघरली म्हणा ना! शिवाय पत्र्यांमधल्या फटी बुजल्या की वाराही अडतो.

हे हिम काढण्यासाठी तिघांची योजना असते. टायमर दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबवून नळ्यांजवळचा हीटर सुरू करतो. आणि नळ्या पुरेशा तापल्या की द्विधातु पट्टीची कळ हीटर बंद करते. उणे 18 अंश सेल्सियसचे अर्धा किलो हिम 0 अंशावर आणायला 19 किलोज्यूल, पण वितळवायला 167 किलोज्यूल उष्णता लागते. 200 वॅटचा हीटर हे काम पंधरा-सोळा मिनिटांत उरकतो. (अलीकडच्या पुष्कळ फ्रिजमध्ये टायमरची जागा इलेक्ट्रॉनिक पट्टीने घेतली आहे.)

मी फ्रिजचा प्लग काढला आणि दारे उघडी टाकून पूर्ण एक दिवस हिम वितळू दिले. सुरीने खरवडण्याचा मोह कोणालाही होतो, पण नळीला भोक पडले तर गॅस खरोखरच जाईल. आणि आजच्या बऱ्याच फ्रिजमधला आयसोब्युटेन ज्वलनशील असतो. नंतर फ्रिज सुरू केला, तर सहा दिवस तो उत्तम चालला! गॅस कमी असता तर हे शक्यच नव्हते. दोष त्या तिघांपैकीच कोणाचा तरी होता.

पुन्हा प्लग काढून (हे काम मोठ्यांचेच, तुम्ही शेजारी उभे राहून पाहा) हीटर सुटा करून मीटरने तपासला. 230 व्होल्टवर 200 वॅट म्हणजे रोध 230 गुणिले 230 भागिले 200, सुमारे 265 ओहम. मीटरने 270 दाखवले. हीटर निर्दोष.

मग द्विधातूची कळ तपासली, तर तिचे मंडल खंडित! नवी आणायला मी चपला घालून निघालोही होतो. जिन्यातच आठवले, की ही कळ थंडीतच जुळते. खोलीच्या तापमानाला ती उघडी असणे हाच तिचा धर्म. केवळ या चुकीपायी किती चांगल्या कळा भंगारात गेल्या असतील! साधा बर्फही येथे पुरत नाही, कारण ती 0 अंशाच्या बरीच खाली जुळते. म्हणून तीन भाग ठेचलेला बर्फ व एक भाग मीठ असे शीतमिश्रण केले; आपण पॉटमध्ये आइस्क्रीम करताना करतो तेच. ते उणे 20 अंशांच्या आसपास उतरू शकते. कळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात बुडवली. थोड्या वेळाने 'टक्' असा आवाज झाला आणि मीटरचा काटा हलला.

राहिला टायमर. खरे तर त्याची तपासणी सर्वांत सोपी, म्हणून आधी तीच करायला हवी होती. त्याच्या दांड्यावर पेन्सिलीने खूण केली आणि कॉम्प्रेसर तीन तास चालू दिला. खूण होती तेथेच! आतले प्लॅस्टिकचे दातेरी चाक झिजले होते.

नवा टायमर बसवला, त्या रात्री फ्रिजच्या मागल्या ताटलीत पाणी ठिबकल्याचा आवाज आला.