नाक कापलं, पण रामायण घडलं नाही

सई नाशिकच्या कॉलेजात शिकते. जपानी मांगा वाचायच्या, त्यांच्यावर निघालेले सिनेमे बघायचे आणि त्यांची खट्याळ परीक्षणं वहीत लिहायची, हा तिचा उद्योग. आबा निवृत्त शिक्षक. ही वही त्यांच्या हाती लागली आणि प्रश्न सुरू झाले.

आबा : सई, तू लिहिलंयस, ‘या मालिकेत उसॉपचं नाक कापलं. पण ही पंचवटी नव्हे, त्यामुळे पुढे रामायण घडलं नाही.’ हा उसॉप कोण बुवा?

सई : ‘वन पीस’ नावाच्या मांगातला थापाड्या. समुद्री चाच्यांची गोष्ट आहे. एइचिरो ओदा १९९७ पासून ती काढतोय. चित्रात उसॉपचं नाक चांगलं लांबलचक आहे. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं खरी माणसं घेऊन आठ भागांची मालिका केली, तेव्हा नटाचं नाक आहे तसंच ठेवलं.

आबा : मग ही तक्रार म्हणायची की कौतुक?

सई : कौतुकच. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून खर-दूषण चालून आले, रावणापर्यंत बातमी गेली, सीताहरण झालं. त्या नाकावर पुढची सगळी गोष्ट टांगलेली आहे. उसॉपच्या नाकावर काहीच टांगलेलं नाही. त्याच्या थापा काढून टाकल्या असत्या, तर मात्र मी सोडलं नसतं.

आबा : म्हणजे सिनेमा करताना काही कापलं, की त्यावर पुढचं काय टांगलंय ते आधी बघायचं.

सई : बरोबर. ‘मुळात असं नव्हतं’ अशी बोंब मारायला काही लागत नाही. मुळातल्या कुठल्या गोष्टीनं काय काम केलं होतं, हे शोधावं लागतं. ते सापडलं की विनोद आपोआप सुचतो.

आबा : थांब, मुळापासून येऊ. मांगा म्हणजे ती टीव्हीवरची कार्टूनंच ना? डोरेमॉन वगैरे?

सई : डोरेमॉनही आधी मांगाच होता. छापलेली ती मांगा, हलणारं ते ॲनिमे. बहुतेक मांगा काळ्या-पांढऱ्या असतात आणि उजवीकडून डावीकडे वाचायच्या. ‘शोनेन जंप’ हे १९६८ पासून निघणारं प्रसिद्ध पाक्षिक, पुढे त्याचं साप्ताहिक झालं. त्यात आठवड्याला वीसेक पानांचं प्रकरण येतं आणि पुरेशी प्रकरणं साठली की पुस्तक निघतं.

आबा : आपल्या मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांसारखंच की. पण मग चित्रं तयार, संवाद तयार, कॅमेरा कुठून लावायचा तेही काढून दिलेलं. सिनेमा बिघडतोच कसा?

सई : खरी मेख तिथेच आहे. चौकटीवर किती वेळ थांबायचं, ते वाचणारा ठरवतो. पडद्यावर ते दिग्दर्शक ठरवतो. ‘डेथ नोट’चं उदाहरण देते. २००३ ते २००६ या काळात आलेली मांगा. गोष्ट लिहिली त्सुगुमी ओबानं आणि चित्रं ताकेशी ओबाताची. लाइट नावाच्या हुशार मुलाला एक वही सापडते. तिच्यात ज्याचं नाव लिहावं तो मरतो.

आबा : अरे बाप रे! आणि हा अभ्यासू मुलगा?

सई : वर्गात पहिला आणि डोकं बर्फासारखं थंड. पोलिसांना संशय येतो, त्याच्या खोलीत कॅमेरे बसवले जातात. आता नावं लिहायची कशी? तो वेफर्सच्या पाकिटात चिमुकला टीव्ही दडवतो. बघणाऱ्याला दिसतं, पोरगं गणितं सोडवतंय आणि अधूनमधून पाकिटात हात घालून खातंय. प्रत्यक्षात तो पाकिटातल्या टीव्हीवर बातम्या बघून गुन्हेगारांची नावं लिहीत असतो. मांगात आपण हे चौकटीचौकटीनं वाचतो. हात कुठे, डोळे कुठे, वाटलं तर मागचं पान पुन्हा बघतो.

आबा : आणि हलत्या चित्रात?

सई : २००६ च्या ॲनिमेवाल्यांपुढे हाच प्रश्न होता, कारण वेफर खाण्यात बघण्यासारखं काय आहे? त्यांनी युद्धाला शोभेल असं संगीत लावलं आणि लाइटनं तो वेफर असा काही उचलला, जणू शिवधनुष्य. मी लिहिलं, ‘बटाट्याला इतका मान उपासाच्या दिवशीसुद्धा मिळत नाही.’ हसू येतं, पण ताण कायम राहतो. वाचणारा जिथे थांबला असता, तिथे थांबवायला त्यांनी संगीत आणलं.

आबा : आणि बिघडलेला नमुना?

सई : २०१७ चा नेटफ्लिक्सचा ‘डेथ नोट’. गोष्ट अमेरिकेत सिॲटलला नेली. त्याला माझी हरकत नाही, पोरगा कुठलाही असो. पण वहीमागचा यमदूत दिसताच हा लाइट अशी किंकाळी फोडतो की यमदूतालाच अवघडल्यासारखं व्हावं. थोड्याच वेळात वहीचं गुपित वर्गातल्या मुलीला सांगून मोकळा! मी लिहिलं, ‘मुळातल्या लाइटला पकडायला जगातला सर्वात हुशार गुप्तहेर लागतो. याला पकडायला शेजारच्या काकू पुरल्या असत्या.’

आबा : (हसत) अगं, पण हा विनोद टोचतो नेमका कुठे, ते कळलं. थंड डोकं काढून घेतलं, आणि सगळी गोष्ट त्या डोक्यावरच टांगलेली होती.

सई : हो. ‘टुकार सिनेमा, पैसे वाया’ असं लिहिलं असतं, तर तुम्हाला यातलं काहीच कळलं नसतं.

आबा : आता माझं ऐक. थांबलेलं चित्र हलवायचा हा खटाटोप आपल्या जिल्ह्याला नवा नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. रवी वर्म्यांच्या छापखान्यात त्यांनी काम केलं होतं. १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याचं थोडं थोडं चित्रण केलं आणि कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर झरझर दाखवली. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर तर कंपनीच नाशिकला आणली.

सई : म्हणजे वेळ ताणायची-आवळायची युक्ती त्यांना आधीच गवसली होती! आबा, हे परीक्षणात घालते. मराठीतही चौकटींचा सिनेमा झालाच आहे की, ‘चिंटू’.

आबा : चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा! १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये यायचा. पेपर आला की आधी चिंटू, मग मथळे.

सई : २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी त्याचा सिनेमा केला. इथे अडचण उलटी. मांगावाल्यांकडे हजारो पानं, त्यामुळे कापायचं काय ही चिंता. चिंटूकडे तीन-चार चौकटी आणि शेवटच्या चौकटीत हशा. त्याचा मोठा सिनेमा करायचा तर गोष्ट बाहेरून आणावी लागते. शिवाय चित्रातला चिंटू वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. पडद्यावरचा मुलगा दुसऱ्या भागापर्यंत उंच होतो.

आबा : त्याला कोण काय करणार! बरं, तुझ्या वहीत सर्वात जास्त मार कोणी खाल्लाय?

सई : २००९ चा ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’. अकिरा तोरियामाच्या मांगातला गोकू म्हणजे डोंगरात वाढलेला, माकडाची शेपटी असलेला, जगाची काडीची माहिती नसलेला पोर. हॉलिवूडनं त्याला हायस्कुलात घातलं आणि मुलीशी बोलायला लाजणारा केला. मी एवढंच लिहिलं, ‘अडाणीपण ही गोकूची ताकद होती. त्याला शाळेत घालणाऱ्यांना हे कोणी शिकवलं नाही.’ पुढे २०१६ मध्ये पटकथाकारानं स्वतःच चाहत्यांची माफी मागितली.

आबा : मग परीक्षकाचं कामच संपलं.

सई : गंमत पुढे आहे. तोरियामानं सांगितलं होतं की पटकथा जमत नाहीये, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. तो खटका मनात राहिला आणि २०१३ च्या ‘ड्रॅगन बॉल’च्या ॲनिमे सिनेमात त्यानं जातीनं लक्ष घातलं. वाईट सिनेमाचं असंही पुण्य असतं. ते परीक्षणात मांडलं नाही, तर विनोद नुसता टवाळीवर येतो.

आबा : मग मीही एक परीक्षण लिहून बघतो. ‘लंकादहन, १९१७, दिग्दर्शक फाळके. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानं केल्या. दिग्दर्शक मोठा धोरणी, गोष्टही विरहाचीच निवडली.’ कसं काय?

सई : झकास! पण अर्धंच. फाळक्यांवर अशी वेळ का आली, ते लिहा. नाहीतर वाचणारा त्यांनाच हसेल.

आबा : बायका सिनेमात काम करायला सहसा तयारच होत नसत गं. पण हे घातलं की विनोद मरेल.

सई : मरत नाही, उलट धार येते. लिहून तर बघा.

आबा : हं... ‘सीतेच्या कामाला बाई मिळेना, म्हणून शेवटी रामालाच अशोकवनात जाऊन बसावं लागलं.’