लकव्यानंतर हाताला लागलेली सवय

लकवा होऊन तीन-चार महिने झालेला माणूस घरात कसा वागतो, ते जरा शांत बसून पाहा. उजव्या हाताची बोटे थोडीफार हलतात, मूठ अर्धी मिटते; पण चहाचा कप आला की डावाच हात पुढे जातो. बटण लावायला डावा, कडी काढायला डावा. उजवा मांडीवर पडलेला. घरचे म्हणतात, ‘तो हात गेला.’ पुष्कळदा हात गेलेला नसतो, त्याची सवय गेलेली असते.

सुरुवातीला माणूस दुबळ्या हाताने पेला धरायला जातो. पेला पडतो, पाणी सांडते, लाज वाटते. चांगल्या हाताने काम चटकन होते. रोज असेच झाले की मेंदू एक धडा शिकतो : हा हात वापरायचा नाही. पुढे हातात हालचाल येऊ लागली तरी तो धडा तसाच राहतो. तो मोडावा लागतो.

अमेरिकन संशोधक एडवर्ड टॉब यांनी हे आधी माकडांत पाहिले. एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्यावर माकड तो हात वापरेना. चांगला हात बांधला तेव्हा वापरू लागले. (त्या माकडांच्या हालांवरून १९८१ मध्ये तिकडे मोठे प्रकरण झाले, तेही खरे.) त्यातून माणसांसाठी उपचार निघाला. जागेपणी बहुतेक वेळ चांगल्या हातात जाड मोजा घालून तो अडवायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास काम करून घ्यायचे, असे दोन आठवडे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लकव्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. ज्यांनी हा सराव केला त्यांचा हात जास्त सुधारला आणि वर्षानंतरही तो फरक टिकला.

मात्र मनगट आणि बोटे स्वतःहून थोडी तरी उचलता येतात, त्यांच्यासाठीच हे आहे. लकव्यानंतरच्या पहिल्या दिवसांत करू नये. आधी सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टला हात दाखवा. मोजा घालून चालणे, जिना चढणे, मोरीत किंवा गॅसजवळ जाणे नको.

सराव सोप्यापासून सुरू करा. आधी रिकामा स्टीलचा पेला सरकवणे, मग उचलणे, मग त्यात दोन घोट पाणी. ताटातले वाटाणे वाटीत टाकणे, दोरीला चिमटे लावणे. सांडले तर सांडू द्या, फरशी पुसता येते.

सगळ्यात अवघड काम घरच्यांचे. ‘राहू द्या बाबा, मी भरवते,’ हे मायेने येते, पण तेच त्या हाताला बसवून ठेवते. घास तोंडापर्यंत जायला पाच मिनिटे लागली तरी थांबायचे. आणि उठवताना दुबळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा सांध्यातून सरकतो. कमरेला आधार द्या.