स्त्रीबीजाचे उद्दीपन : शुक्राणूतील एका प्रथिनाचे कार्य

‘इक्सी’ करूनही गर्भ तयार झाला नाही, अशी कागदपत्रे घेऊन येणारी दांपत्ये आता आपल्याही चिकित्सालयात दिसतात. वीर्यतपासणी प्राकृत असली, की दोष स्त्रीबीजाचाच, असा निष्कर्ष घरी आधीच निघालेला असतो. तो दरवेळी खरा नसतो; म्हणून ही प्रक्रिया वैद्यांनी समजून घ्यावयास हवी.

परिपक्व स्त्रीबीज अर्धसूत्री विभाजनाच्या दुसऱ्या मध्यावस्थेत थांबलेले असते. त्यास जागे करणारे प्रमुख द्रव्य म्हणजे शुक्राणूतील ‘फॉस्फोलायपेज सी-झीटा’ हे प्रथिन. २००२ साली कार्डिफ येथील संशोधकांनी ते उंदरात दाखवून दिले. या विकरामुळे ‘आयपी-३’ हा रेणू निर्माण होतो आणि पेशीतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते. कॅल्शियमची पातळी काही तास लयीने वाढते व उतरते. त्यामुळे सायक्लिन-बी नष्ट होऊन विभाजन पूर्ण होते, दुसरा ध्रुवपिंड बाहेर पडतो व पुढे दोन प्राक्केंद्रके दिसतात.

‘इक्सी’ने झालेल्या पहिल्या गर्भधारणा १९९२ साली ब्रसेल्स येथून प्रसिद्ध झाल्या. या पद्धतीत शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडला जातो. गतिमांद्याचा अडसर टळतो. उद्दीपनाची गरज मात्र टळत नाही. सुमारे १ ते ३ टक्के आवर्तनांत एकही बीज फलित होत नाही. गोल शिराच्या, अग्रपिंडरहित शुक्राणूंत हे प्रथिन अत्यल्प किंवा नसतेच. ‘पीएलसीझेड-१’ या जनुकातील दोषात शुक्राणूची संख्या व गती प्राकृत असूनही उद्दीपन होत नाही. नेहमीच्या वीर्यतपासणीत हा दोष दिसत नाही. अशा निवडक रुग्णांत कॅल्शियम आयनोफोर वापरून स्त्रीबीज कृत्रिमरीत्या उद्दीपित करतात. त्याने नैसर्गिक लय साधत नाही, म्हणून तो सरसकट योजण्याचा उपाय नव्हे.

सुश्रुताचार्यांनी गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज हे चार घटक सांगितले. बीज दोघांचेही असते, हे येथे स्मरावे; परंतु या प्रथिनास शुक्राच्या अमुक गुणाचे नाव देण्याची घाई करू नये. जनुकदोषाने नसलेले प्रथिन वाजीकरणाने निर्माण होईल, असे आश्वासनही देऊ नये.

वैद्याने अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात : परिपक्व स्त्रीबीजे किती होती, किती बीजांत शुक्राणू सोडला, आणि दुसऱ्या दिवशी किती बीजांत दोन प्राक्केंद्रके दिसली. परिपक्व बीजे पुरेशी असूनही पुन:पुन्हा शून्य येत असेल, तर उद्दीपनदोषाची शंका घेऊन तज्ज्ञांकडे पाठवावे. कारण स्त्रीबीजातही असू शकते. पण तपासाआधी त्या स्त्रीवर ठपका येऊ न देणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे.